खोतांच्या गोठ्याचं दार

मुंबई, माघ वद्य पंचमी

तीर्थरूप आत्मारामकाकांस,

नाही काका, ‘चार बुकं शिकला नि बिघडला’ हे तुमचं दर पत्रातलं म्हणणं मला कबूल नाही. मी दोनच बुकं शिकलो. बाकी पायांवर डोकं ठेवतो. कंबर कशी आहे? (चावडीत दिवसभर उभं केलं तेव्हापासून वाकता येत नाही, असं आईने कळवलं.)

दोष माझाच, पण थोडा त्या म्हाताऱ्या बातमीदाराचाही. त्याच्या आठवणींचं पुस्तक आमच्या छापखान्यात छापतायत. चाळीस वर्षं त्याने लाचखाऊ साहेब हुडकले. मी कागदाच्या घड्या घालणारा, घालता घालता वाचतो. पुस्तक एकदम निघत नाही, सोळा सोळा पानांचा एकेक फर्मा निघतो. पहिल्यात होतं, सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोलत नाही तीच खरी बातमी, आणि नावांशिवाय लिहिली तर ती नुसती चहाडी. झालं! गेल्या शिमग्याला होळीत खोतांच्या गोठ्याचं दार जळलं ते मी लिहून काढलं, आणि सांगणारा म्हणून तुमचं नाव घातलं (मागे ‘श्रीयुत’ लावून). एका साप्ताहिकाने छापलंही.

होळीला लाकूड न विचारता उचलायचं ही आपली रीतच. खोत दरसाल शिव्या घालतात नि मग दारी आलेल्या देवाच्या पालखीपुढे नारळ ठेवतात. त्यांना का ठाऊक नव्हतं? पण छापून आल्यावर त्यांनाही ठाऊक व्हावं लागलं. मग फिर्याद, फौजदार नि तुमची कंबर.

दुसरा फर्मा पंधरा दिवसांनी आला. पहिलीच ओळ, सांगणाऱ्याचं नाव जीव गेला तरी फोडू नये. तिसऱ्यात, ज्याला सोसावं लागेल त्याला छापण्याआधी भेटून यावं. मी मालकांना म्हटलं, हे पुस्तक उलटं छापायला हवं होतं. ते म्हणाले, “घड्या घाल.”

शेवटचा फर्मा काल आला. म्हाताऱ्यानेही एका मित्राचं नाव छापलं होतं. माफी मागायला आज जाऊ, उद्या जाऊ करता करता मित्रच गेला. म्हणून हे पत्र.

बातमीदार व्हायचं डोक्यातून काढलंय.

तुमचा भागोजी

ता. क. यंदा पालखी आमच्या दारी थांबवायची नाही असं गावकीने ठरवलंय म्हणे. मला पालखीला खांदा लावू देऊ नका, गावात घेऊ नका, पण आई अंगण सारवून बसेलच. तुमच्या शब्दाने पालखी वळते. तेवढी वळवा, काका.

आणखी ता. क. खोतांच्या नव्या दारासाठी होतं नव्हतं तेवढं मनिऑर्डरने धाडतोय (साप्ताहिकाने बातमीचे दिलेले आठ आणे त्यातच आहेत): पावणेसात रुपये.