झाडाखालची चादर

बडोदा, मंगळवार

तीर्थरूप भाऊ,

तुमच्या आणि वहिनींच्या पायांवर डोके ठेवून मधुकर लिहितो.

मी सुखरूप आहे. सकाळी देवळात जाऊन येतो, मग प्रदर्शनाचे काम. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

उन्हाळ्यात मी तुमच्या बागेत संत्र्याच्या झाडाखाली पांढरी चादर अंथरली, तेव्हा तुम्ही रागावला होतात. "काहून हातरून राहिला रे? आपली गळ साऱ्या गावाले दाखवाची हाये काय?" चाळीस दिवस उन्हाने गळलेल्या हिरव्या फळांचे डाग त्या चादरीवर पडले. तीच इथे टांगली आहे. प्रदर्शनाचा विषय तापती हवा; बाकीच्यांनी चित्रे काढली, मी नुसते डाग आणले. लोक वाकून एकेक डाग पाहतात.

पण काल आयोजक बाई म्हणाल्या, "बाग कुणाची, ते खाली लिहावंच लागेल." उद्या पेपरवाले फोटो घेणार. रविवारी आपल्या प्राचीला पाहायला वरूडचे पाहुणे येणार, आणि ते आधी बाग पाहणार. एवढ्या गळीखाली तुमचे नाव त्यांनी वाचले, तर सोयरीक कशी जुळणार? आज जपातही मन लागले नाही.

शेवटी बागेचा मालक म्हणून मी माझे नाव लिहून दिले. भाऊ, मधुकर आता हिस्सा मागतो असे मनात आणू नका. आईच्या देवघरापुढे सोडला तो सोडला. फोनवर तुमच्यापुढे हे बोलता आले नसते, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतो.

पाहुण्यांनी फोटो पाहिलाच, तर सांगा, ती झाडे धाकट्याची, त्याला बाग राखता आली नाही.

प्राचीला आशीर्वाद.

तुमच्या पाठचा,
मधुकर