डाव्या खांद्यावरची रायफल

पासिर रिस, सिंगापूर
१० नोव्हेंबर

चि. विद्याधर,
आशीर्वाद आहेतच, आज त्यांत रागही आहे.

नामिबियातल्या शिकारीसाठी हरणापासून रानरेड्यापर्यंत पुरेल अशी एकच रायफल तू विचारलीस. ऑफिसातल्या जाणकार शिकाऱ्याने ३७५ बोअर सांगितली. मग तुझे शेवटचे वाक्य पुन्हा वाचले : “दादा, डाव्या खांद्यावरून चालवता येणारीच हवी.”

तू जन्माचा उजवा! म्हणून सरोजिनीला फोन केला. ती म्हणाली, “भाऊजी, मार्चमध्ये यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथच घातली होती.”

आठ महिने लपवलेस! आता दुसरा खांदाही मोडायचा आहे काय? गोळी झाडताना खांद्याला बसणारा ३७५चा धक्का धडधाकट माणसाला हादरवतो. त्या भीतीने नेम चुकला, तर जखमी रानरेडा थेट अंगावर येतो.

माझे उत्तर : ३०८ बोअर. तिचा धक्का सौम्य असून मोठ्या हरणांना ती पुरते. रानरेडा यादीतून वगळ.

कुशीवर वळता येते का? सदऱ्याची बाही स्वतः चढवतोस का?

२१ तारखेला पुण्यात येतो. सरोजिनीने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुझ्याबरोबर मीही आत येणार. ते नको म्हणाले, तर हरणेही वगळायची.

तुझ्यावर संतापलेला,
दादा