उघडल्याची तारीख

३ मार्च
बादलीवर छापलेल्या मजकुराविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. ‘उघडल्यानंतर थंड जागी ठेवावे व लवकर संपवावे.’ लवकर म्हणजे किती? सूर्यास्तापूर्वी? माझ्या निवृत्तीपूर्वी? कालवाचक क्रियाविशेषणाला असं मोकाट सोडणं हा भाषेवर अन्याय आहे. आमच्या ऑफिसात ‘लवकर’ म्हणजे सहा महिने. ग्राहकांच्या तक्रारींना तेवीस वर्षं मीच उत्तरं धाडतोय, त्यामुळे हे अधिकारानं लिहू शकतो.

घाऊक दुकानातून आणलेला माल: मेयोनेझची चार किलोची बादली, टोमॅटो सॉसचा पाच किलोचा डबा, मोहरीचा सॉस, सोया सॉस, व्हिनेगरचा कॅन. सगळं निम्म्या भावात. घरात माणसं दोन.

ही म्हणाली, अहो, हॉटेल काढताय का? मी म्हणालो, याला दूरदृष्टी म्हणतात. ती म्हणाली, दूरचं दिसतं खरं तुम्हाला, पण फ्रिज जवळ आहे, तेवढा बघून आणायचं होतं. आणि महिन्याभरात यातलं काही संपणार नाही, हवं तर लिहून देते.

बघू.

४ मार्च
संकल्प. सर्व माल छोट्या बाटल्यांत भरायचा. बाटल्या उकळून, खडखडीत वाळवून. ओला चमचा घालणाऱ्याला क्षमा नाही. प्रत्येक बाटलीवर आणि बादलीवरही चिठ्ठी, तीवर उघडल्याची तारीख आणि संपवण्याची तारीख. ‘लवकर’ याचा अर्थ मी एक महिना असा निश्चित केला आहे. कुणीतरी करायलाच हवा होता.

चिठ्ठ्यांचं काम अर्थातच माझं. दोन वर्षांपूर्वीच्या तापात हिला वास येणं बंद झालं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. तेव्हापासून दूध नासलं का, वरण आंबलं का, हे सांगायचं मी. घराचं नाक म्हणते ती मला. पदवी विद्यापीठाची नसली तरी मानाची आहे.

९ मार्च
अकरापैकी चार बाटल्या भरल्या. बाकीच्या वाळताहेत.

बादली फ्रिजमध्ये बसत नव्हती. एक कप्पा काढला. आता बसते, पण दार बोटभर उघडं राहतं. मुठीला पायजम्याची नाडी बांधून दार ओढून घेतलं आहे. तत्त्वतः बंद.

ही म्हणाली, फ्रिजला नाडी? उद्या त्याला चप्पलही घ्याल. मी दुर्लक्ष केलं. नाडी तात्पुरती आहे.

१७ मार्च, सकाळी ७.२०
टोमॅटो सॉसच्या बाटलीचं झाकण आपोआप उडालं. छतापर्यंत. हिला वाटलं, मी दाढी करताना गळा कापला. धावत आली, बघितलं, आणि दाराला टेकून हसत बसली.

कारण: झाकणाची सदोष बनावट. बाटली आतून किंचित ओली होती, पण किंचितच. सॉस आंबून फुगला वगैरे ती म्हणते, ते तिला वासावरून कळणं शक्य नाही, मग कशाच्या आधारावर म्हणते?

(छत पुसायचं आहे.)

२५ मार्च
खप वाढवण्याची मोहीम. सँडविचला मेयोनेझ, उकडलेल्या बटाट्याला मेयोनेझ, काकडीला मेयोनेझ. ऑफिसातल्या स्टेपलरला (हा सहकारी दुसऱ्यांच्या बोलण्याला कायम जोडलेला असतो) एक डबा भरून दिला. त्यानं तो जसाच्या तसा परत केला. म्हणाला, दादा, तुम्ही आधी खा, मी चार दिवस वाट बघतो.

हलकट आहे. नाडी अजून तात्पुरतीच आहे.

२ एप्रिल, संध्याकाळी
आज बादलीची मुदत संपते. आत साडेतीन किलो शिल्लक. ही स्वयंपाकघरातून जाता येता बादलीकडे बघते आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

बादली पांढरीशुभ्र दिसते. वासाबद्दल निश्चित मत देता येत नाही. मला थोडी सर्दीही आहे.

उघडल्याची तारीख २८ मार्च केली. जुन्या चिठ्ठीवर नवी चिकटवली, त्याच पेनानं, त्याच वळणाच्या अक्षरात. हे खोटं नव्हे. ही मुदतवाढ आहे. ऑफिसात दिवसाला दहा देतो.

८ एप्रिल, सकाळी ११
ही काल संध्याकाळपासून ओकते आहे. पहाटे उभं राहवेना तेव्हा दवाखान्यात आणलं. सलाईन लावलं आहे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काल काय खाल्लं? ही म्हणाली, सँडविच, पण मेयोनेझ ताजं होतं, चिठ्ठी बघूनच घेतलं. वर म्हणाली, मला वास येत नाही ना, म्हणून हे सगळ्यावर तारीख लिहून ठेवतात. आमच्याकडे तारखेशिवाय काही नसतं.

अभिमानानं म्हणाली. हाताला सुई टोचलेली असताना.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, छान सवय आहे. मी भिंतीवरचा उंची-वजनाचा तक्ता वाचत राहिलो. माझ्या उंचीला माझं वजन जास्त आहे.

८ एप्रिल, संध्याकाळी
ही घरी आली. झोपली. बादली खाली कचऱ्याच्या पिंपात टाकून आलो. फ्रिजची सफाई केव्हातरी करायचीच होती.

उठल्यावर तिनं विचारलं, बादली कुठे गेली? मी म्हणालो, संपली. ती म्हणाली, साडेतीन किलो? मी म्हणालो, तू पड आता, बोलू नकोस.

९ एप्रिल
खालच्या मजल्यावरच्या वहिनी सकाळी बादली घेऊन हजर. आतलं ओतून, बादली धुऊन. म्हणाल्या, भावोजी, एवढी चांगली बादली टाकतात होय? आणि वास तर असा सुटला होता, जिन्यात नाक धरून चालावं लागलं. कशानं आजारी पडली म्हणायची ही?

धुतल्यामुळे वरची चिठ्ठी एका कोपऱ्यातून सुटली होती. हिनं ती नखानं हळूहळू सोलली. खालची वाचली. वरची पुन्हा वाचली. वहिनी गॅसवर दूध ठेवलंय म्हणून निघून गेल्या.

मग ही म्हणाली, अहो, मला वास येत नाही हे तुम्हाला माहीत होतं ना?

मी म्हणालो, होतं.

एवढंच विचारलं तिनं. रागावली असती तर माझ्याकडे उत्तराचा मसुदा तयार होता: दुकानदार, झाकण, फ्रिजचा लहान आकार, सर्दी. मसुदा तसाच राहिला.

१५ एप्रिल
ही बरी आहे. जेवते, हिंडते, माझ्याशी नीट बोलते. लाईटबिल, पावसाळी चपला, सगळं. मी प्रत्येक बाटलीवर खरी तारीख घातली, सहा बाटल्या ओतून दिल्या, नाडी सोडली. तिनं चिठ्ठ्यांकडे पाहिलं नाही.

आज सकाळी ती दुधाचं पातेलं झाकून घेऊन खाली गेली. वहिनींकडून हुंगून आणलं. मी तिथेच टेबलाशी पेपर वाचत होतो. नाक शाबूत. येताना तिनं माझ्यासाठी चहाचं आधण ठेवलं, त्याच दुधाचा चहा दिला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आता इथे तरी लिहितो. २ एप्रिलला मला सर्दी नव्हती. झाकण उघडल्याबरोबर वास आला होता, चांगला भपकन. महिन्याभरात संपणार नाही, हे तिचं म्हणणं खरं ठरू नये म्हणून मी तारीख बदलली. ती ते खाणार, हे माहीत असताना बदलली.

तिनं पुन्हा विश्वास ठेवावा असं वाटतं. तो ठेवलाच तर, याची भीतीही वाटते. पुढच्या वेळी चूक माझी असेल तेव्हा मी खरं सांगेन की नाही, हे मला ठाऊक नाही.