पास कशाला, मी आहे ना

सोमवार, १२ जानेवारी
मेहुणीचा फोन. निकिता आणि शेखर सव्वीस जानेवारीला जोडून तीन दिवस पुण्याहून आमच्याकडे येणार. शेखर म्हणजे माझा साडू. नवी गाडी घेतलीय, वरून छप्पर उघडतं म्हणे. नाशिकच्या धुळीत छप्पर उघडून काय मिळणार, देव जाणे.

त्याने फोन घेऊन विचारलं, तो एक दिवसाचा 'नाशिक दर्शन' बसचा पास ऑनलाईन दिसतोय, घेण्यासारखा आहे का. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा सल्ला मागितला. म्हणालो, पास बाहेरच्यांना लागतो. पास कशाला, मी आहे ना. बायको, अंजली, शेजारीच उभी होती. माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाने असणार.

मंगळवार, १३ जानेवारी
चहाच्या वेळी अंजलीने यादी ऐकवली. शेखररावांनी निकिताला उटी दाखवलं. जयपूर दाखवलं. मी म्हणालो, आपण नाशकात राहतो, लोक आपल्याकडे फिरायला येतात. तर म्हणे, विंचूरला मला बघायला आलात तेव्हा काय म्हणाला होतात? लग्न झालं की सगळं नाशिक दाखवतो. सोळा वर्षं झाली, पांडवलेणी अजून हायवेवरूनच बघतेय.

बायकांना नको ते बरोबर लक्षात राहतं. आणि मी शेखरवर जळत वगैरे नाही. एकदा लिहूनच ठेवतो.

गुरुवार, १५ जानेवारी
कंपनीत स्टोअरला काम कमी होतं. एका जुन्या चलनाच्या पाठीमागे ठिकाणांची यादी केली. पांडवलेणी: चौथीच्या सहलीत गेलो होतो. वर्गातला राकेश गाडीत ओकला, एवढंच आठवतं. सीतागुंफा: बाहेरून. सोमेश्वर: एका साखरपुड्याला, हॉलमध्येच. आपल्याकडे पद्धतच आहे, पाहुणे आले की बघू. आणि पाहुणे येतात, मिसळ खातात आणि दुपारी झोपतात.

पण शेखर झोपणाऱ्यातला नाही. प्रश्न विचारेल.

शनिवार, १७ जानेवारी
निर्णय झाला. उद्याचा पास काढला. एकच, माझा. हा फिरायला जाण्याचा प्रकार नाही, तयारी आहे. समोरचा माल न तपासता वाईट कसा म्हणायचा? घरी सांगितलं, रविवारी अंबडला स्टॉक टेकिंग आहे. अंजलीला वाईट वाटलं. पहाटे उठून डबा देते म्हणाली.

रविवार, १८ जानेवारी, सकाळी ७.४०
बस वेळेवर. हा योगायोग असू शकतो. खिडकीची जागा मिळाली. टोपी फुकट.

संध्याकाळी ७
गाईड म्हणजे सहादू गुरुजी, रिटायर्ड शिक्षक. पांडवलेण्यात पांडव कधी राहिलेच नाहीत म्हणाले. ती भिक्खूंची लेणी. पावसाळ्यात ते एका जागी थांबायचे, तिथे वाचायचे, शिकवायचे. मी आजवर किती जणांना भीमाची खोली सांगितलीय. गुरुजींनी दाखवलं तसा एका ओट्यावर बसलो. दगड गार होता. तिथून अख्खं शहर दिसतं. आमची कॉलनी शोधली, सापडली नाही. अंजलीचा डबा पायरीवर खाल्ला. मेथीची भाजी. शेजारच्या बाईंनी विचारलं, मिसेस नाही आल्या? म्हणालो, तिला चढवत नाही.

उतरताना गुरुजींनी सगळ्यांना मोबाईलवरून बसच्या पेजवर चार शब्द लिहायला सांगितले. गुरुजींनी सांगितलं की हात आपोआप चालतो. लिहिले. कोण वाचतंय.

पास वाईट म्हणावा असं कारण एकही सापडलं नाही. बघू, विचार करतो.

बुधवार, २१ जानेवारी
शेखरचा पुन्हा फोन, पासचं काय करू? म्हणालो, नुसती पळवापळवी. एसीसुद्धा चालत नसेल. (चालतो.) तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं, दादा. या माणसाचं गोड बोलणं मला मुळीच झेपत नाही.

शनिवार, २४ जानेवारी
आले. मी पुढे बसून रस्ता सांगितला. बसमध्ये खिडकीतून बाहेर बघताना वळणं बघायची राहून गेली, हे पंचवटीत कळलं. कुंभमेळ्यासाठी खोदाखोदी, त्यात सुट्टीची गर्दी. एका गल्लीत शिरलो ते दीड तास तिथेच अडकलो. शेखरने आवाज चढवला नाही. शांतपणे मॅप लावला. अंजली मागून म्हणाली, शेखरराव किती शांत आहेत बाई.

तेवढ्यात शेखर म्हणाला, उद्या पासचंच बघू या का, लोकांनी काय लिहिलंय ते वाचतो. सगळ्यात वरचं वाचलं: "सत्तेचाळीस वर्षं नाशकात राहतो, पण नाशिक आज पाहिलं. पास डोळे झाकून घ्या." पाच स्टार. खाली टोपी घातलेला फोटो. नाव वाचताना तो अडखळला, मग फोन खाली ठेवला. निकिता हसली. शेखर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

अंजलीने एवढंच विचारलं, तो डबा पुरला होता का?

रविवार, २५ जानेवारी
अंजली बोलत नाही. भांडत असती तर उत्तरं तयार होती. शेखरने उद्याचे चार पास काढायला घेतले. अंजली म्हणाली, तीनच काढा. त्यांचं पाहून झालंय.

मी म्हणालो, हो, मला काही एवढं नाही.

सोमवार, २६ जानेवारी
सकाळी त्यांना बसपाशी सोडायला गेलो. गुरुजींनी मला ओळखलं. सगळ्यांना सांगितलं, हेच ते चार ओळी लिहिणारे. टाळ्या पडल्या. अंजलीने वाजवल्या नाहीत. टोपी घातली, खिडकीत बसली आणि पुढे बघत राहिली. तिला टोपी चांगली दिसते, हे मला माहीत नव्हतं.

दिवसभर घरी. दुपारचं कोणी वाढलं नाही, सकाळची पोळी खाल्ली.

संध्याकाळी बसच्या पेजवर जाऊन बघितलं. आजचे फोटो होते. पांडवलेण्याच्या पायरीवर अंजली, एकटी, शहराकडे बघत. खाली तिनेच लिहिलेलं: "सोळा वर्षं वाट पाहिली. पाहण्यासारखं आहे. एकट्यानेही जाता येतं." पाच स्टार.

पहिला लाईक शेखरचा होता. दुसरा मी दिला.