पुस्तकाला फॅट किती?

५ जानेवारी २०२५, रविवार

आदिनाथचा पुण्याहून फोन. "आण्णा, आईसाठी वाचायचं मशीन घेतोय. दोन प्रकार आहेत. एकात नुसती पुस्तकं. दुसरा टॅब — पुस्तकं, व्हिडिओ, गाणी, सगळंच. मी सव्वीस तारखेला येतो, तोवर कोणतं ते ठरवून ठेवा."

मी म्हणालो, चाचणी केल्याशिवाय ठरवणार नाही! अडतीस वर्षं गावच्या दूध सोसायटीत टेस्टर म्हणून दुधातल्या फॅटचा टक्का काढला. कुणाचा कॅन न तपासता आत घेतला नाही — मेव्हण्याचासुद्धा.

भागिरथी म्हणते, "मला नगं मशीन. माझं भागतंय." भागतंय कसलं! वाचनालयाचं पुस्तक नाकाला लावून बसते. एकेक पान उलटायला पंधरा मिनिटं. लग्नपत्रिका आली तर म्हणते, "तुमीच वाचा की." डोळे थकलेत, दुसरं काय. अक्षर मोठं पाहिजे.

यात माझाही स्वार्थ आहे, इथं लिहायला हरकत नाही. रिटायर झालो तरी वर्षभर मी सोसायटीच्या बाकावरच बसायचो. रात्री नऊच्या आत घरी नाही. मग एकदा हिनं जेवताना पुस्तकातली गोष्ट अर्धी सांगितली आणि ताट उचललं. दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला घरी! तेव्हापासून रोज. दोन वर्षं झाली. मी स्वतः शाळा सुटल्यापासून एक पुस्तक पुरं केलेलं नाही, ती वाचते आणि मी ऐकतो. तिचं वाचन बंद पडलं तर माझ्या संध्याकाळचं काय? परत तो बाक!

७ जानेवारी

दोन्ही आली. आदिनाथने स्वतःचा टॅब कुरिअरने पाठवलाय. नुसत्या पुस्तकांचं मशीन धनश्रीचं. ती माझ्या चुलतभावाची मुलगी, संगमनेरला कॉलेजच्या लायब्ररीत असते. तिनं दोन्हीत एकच रहस्यकथा भरून दिली, म्हणजे तुलना सरळ होईल. हुशार पोरगी.

तिच्या मशीनची गंमत अशी की बंद केलं तरी त्यावर लेखणीचं चित्र राहतं. मी चार वेळा बंद केलं. लेखणी तिथंच! धनश्री म्हणाली, "आण्णा, चित्र धरून ठेवायला त्याला लाईट लागत नाही." लाईट न खाता काम करणारी वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. मला संशय आहे.

भागिरथीनं दोन्हींची पूजा केली. नारळ टॅबवरच फोडणार होती, मी मध्ये हात घातला.

८ जानेवारी

टॅबची चाचणी. सकाळी शेजारची गोजरबाई "बघू बघू" करत आली. दुपारी नऊ बायका. संध्याकाळी मला चपला काढायला ओट्यावर जागा नव्हती. पाककृती, बैलगाडा शर्यती, कुणाच्या तरी भाचीच्या लग्नाचे साडेतीन तास. रहस्यकथेची एक ओळ वाचून झाली नाही. भागिरथीला राग यावा की नाही? तिनंच टॅब गोजरबाईच्या मांडीवर दिला आणि वर सगळ्यांना चहा केला!

९ जानेवारी

आज बायकांना यायच्या आत मीच टॅब घेतला. परदेशातला गोठा पाहिला, सातशे गाई. दीड तास. फॅट किती लागते ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. फसवणूक.

१० जानेवारी

धनश्रीचं मशीन. हे बघायला कुणीही आलं नाही. गोजरबाई डोकावली, म्हणाली, "ह्यात काय हालत न्हाई का?" आणि गेली. भागिरथी दुपारभर ओसरीत ते घेऊन बसली.

रात्री जेवताना गोष्ट सुरू! एका गावात दूध सोसायटीचा टेस्टर गायब होतो. विहिरीच्या काठावर त्याच्या चपला सापडतात. माणूस नाही, प्रेत नाही. सगळं गाव म्हणतं — मारला. आणि हिनं ताट उचललं!

हल्लीच्या लेखकांना दूधधंदा इतका बारकाईनं कसा माहीत, मला नवल वाटतं. पावसाळ्यात तिनं एक ऐतिहासिक कादंबरी वाचली होती, त्यातला सरदार लढाईहून आला की आधी म्हशीचे सड बघतो. खरा अभ्यास असला पाहिजे त्या लोकांचा.

११ जानेवारी

शोध लागला! मशीनमध्ये पुस्तक उघडलं की खाली कोपऱ्यात आकडा दिसतो. १%. आकडा दिसला की वाचायचा, ही माझी जुनी खोड. म्हणजे या मशीनमध्ये पुस्तकाची फॅट दिसते! टॅबमध्ये असलं काही सापडलं नाही मला. हे खरं शास्त्रशुद्ध मशीन.

पण एक टक्का? गाईचं दूध असतं तर मी कॅन परत पाठवला असता.

धनश्रीची दुसरी पुस्तकं उघडून पाहिली. इतिहासाचं जाडजूड पुस्तक — ४. आरोग्याचं — ६४. आणि एक कवितेचं, पानावर सात-आठ ओळी, बाकी सगळं कोरं — १००! लोणीसुद्धा ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या पुढे जात नाही. शंभर म्हणजे निव्वळ तूप! तीनदा तपासलं. शंभरच.

एवढ्या पातळ रहस्यकथेतून भागिरथी एवढी घट्ट गोष्ट काढते, बाईची कमाल आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

घरी हळदीकुंकू. बावीस बायका. गोजरबाईनं दोन्ही मशीनला हळदकुंकू वाहिलं. लेखणीवर कुंकवाचं बोट छान उठलं. टॅबवर बोट टेकलं आणि थेट आदिनाथच्या साहेबांना व्हिडिओ कॉल लागला! ते कुठल्याशा मीटिंगमध्ये. बावीस बायका एका सुरात, "तिळगूळ घ्या, गोड बोला!" साहेबांनी हात जोडले म्हणे. आदिनाथ रात्री फोनवर ओरडला.

तिळगूळ वाटताना भागिरथी प्रत्येकीला आधी "कोन गं?" विचारत होती. गर्दीच तेवढी होती.

१६ जानेवारी

गोष्टीत माझा संशय सोसायटीच्या सेक्रेटरीवर. भागिरथी म्हणते, "घाई करू नगा." भेसळवाला सखाराम उगाच मध्ये आणलाय, तो मारणारा नाही, तो फक्त पाणी घालणारा आहे. असली माणसं मी पाहिलीत.

१८ जानेवारी

अजून १%! आठ दिवसांत तसूभर वाढ नाही. पोराला कळवणार होतो — मशीन चोख, पण माल सुमार. आधी धनश्रीला जाब विचारतो. सोमवारी संगमनेर.

२० जानेवारी, सोमवार

कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन तक्रार मांडली. कवितेच्या शंभरचाही खुलासा मागितला. धनश्री हसत हसत खालीच बसली. मुलं वाचायचं सोडून बघायला लागली. "आण्णा, ती पुस्तकाची फॅट नाही हो! किती वाचून झालं ते असतं. कवितांचं पुस्तक मी पूर्ण वाचलंय म्हणून शंभर!"

मीही हसलो. तिथल्या शिपायाला सांगितलं, तोही हसला. एसटीत बसल्यावरही हसू येत होतं. शेजारच्या माणसाला सांगायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो.

किती वाचून झालं ते.

एक टक्का. म्हणजे दोन-तीन पानं. मग टेस्टरच्या चपला, विहीर, सेक्रेटरी, सखाराम — हे कुठून आलं?

२१ जानेवारी

दुधाचा संशय आला की आम्ही गोठ्यावर जायचो. समोर धार काढायला लावायची आणि तोच नमुना तपासायचा. आज घरात तसंच केलं. बाहेर जातो म्हणालो आणि पाच मिनिटांत परत आलो.

भागिरथी ओसरीत. मशीन नाकाशी. अंगठा थोड्या थोड्या वेळानं पान उलटल्यासारखा फिरतोय. आणि मशीन बंद! लेखणीचं चित्र, त्यावर संक्रांतीचं कुंकू. ती लेखणी उलटत होती. ओठ हलत होते. मध्येच थांबायची, मान हलवायची, परत मागं यायची. गोष्ट जुळवत होती.

मी समोर उभा. पाच पावलांवर, भर उन्हात. तिचा चेहरा माझ्याकडेच होता.

"कोन हाय?" ती म्हणाली.

मी आवाज न करता मागं फिरलो.

२२ जानेवारी

गोजरबाईला गाठलं. ती आधी "मला ठावं न्हाई" म्हणाली, मग पदर तोंडाला लावला. "दोन वर्सं झाली. संगमनेरला डोळ्याच्या शिबिराला गेल्तो आमी दोघी. डाक्टर म्हनला, मधोमध डाग पडलाय. कडंकडंनं दिसंल, पन वाचाय न्हाई यायचं. चष्म्याचा उपेग न्हाई, मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हनला. तिनं मला शपथ घातली."

"पण का?"

"आन् का! नवरा आत्ता कुठं घरी याया लागलाय म्हनली. गोष्ट थांबली की परत बाकावर जाऊन बसंल."

आमचे तांदूळ निवडायला गोजरबाईकडे का जात होते, ते आज कळलं. मला वाटायचं दोघींना गप्पा मारायला निमित्त. लाज वाटते. टेस्टर म्हणे! एका ताटासमोर रोज बसून मला दिसलं नाही.

२३ जानेवारी

रविवारी आदिनाथ येणार, धनश्रीही मशीन न्यायला येणार. दोघं तो आकडा बघणारच. भागिरथी उघडी पडेल. आपणहून सांगेल तर ठीक, पण पोरांनी पकडायला नको.

म्हणून ती आंघोळीला गेल्यावर मशीन घेऊन पानं सरकवली. ९. १५. २२. अडतीस वर्षं लोकांच्या कॅनातलं पाणी पकडलं आणि आज माझ्याच घरात, मोरीच्या दाराकडे एक डोळा ठेवून, टक्का वाढवतोय! सखाराम हे रोज कसं करत असेल?

सरकवता सरकवता चार ओळी वाचल्या गेल्या. मग पान. कथा मुंबईतली. मोत्यांचा हार चोरीला जातो. सोसायटी आहे, पण ती बिल्डिंगची! गाय नाही, म्हैस नाही, साधा चहासुद्धा कोरा पितात.

२४ जानेवारी

६१. उगाच नाही, वाचून. डोळे दुखले.

२५ जानेवारी

१००. शाळा सुटल्यापासून पहिलं पुस्तक पुरं केलं! हार ड्रायव्हरनं चोरला. मला अर्ध्यातच कळलं होतं. ठीक आहे पुस्तक. पण भागिरथीचं जास्त चांगलं.

रात्री ती म्हणाली, "उद्या शेवट." तिच्या कपाळावर घाम होता. मला वाटतं, शेवट अजून सापडलेला नाही तिला.

२६ जानेवारी, रविवार

आदिनाथ आला. धनश्रीनं मशीन उघडलं — "काकू! शंभर टक्के!" भागिरथीनं मान माझ्या दिशेला वळवली.

आदिनाथ म्हणाला, टॅब वाचूनसुद्धा दाखवतो. लावला. टॅबमधली एक बाई एका सुरात मोत्यांच्या हाराचं वाचायला लागली. भागिरथीनं पाच मिनिटं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्यात टेस्टर कुठंय?"

आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

आदिनाथला काही कळेना. "मग आण्णा, कोणतं घेऊ?" मी म्हणालो, एकही नको. उद्या आईला पुण्याला ने. मोठ्या डोळ्याच्या डॉक्टरकडे. आणि सगळं सांगितलं. पोरगं रडलं. धनश्रीही. भागिरथी मात्र माझ्यावर चिडली. "कवापासनं ठावं हाय तुमाला?"

"एक टक्क्यापासून," मी म्हणालो.

रात्री जेवताना गोष्ट झाली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी तरी बसून राहिलो. ताटं वाळली.

२७ जानेवारी

पहाटे पुण्याला निघालो, तिघंही. गाडीत तिचा हात धरला आणि विचारलं, "टेस्टरला मारलं कुणी, ते तर सांग."

"कुनी न्हाई मारला," भागिरथी म्हणाली. "जित्ता हुता तो. घरी येत नव्हता, येवढंच."