मानेवरच्या चकतीची चौकशी

३ मार्च
मानेवर बटणाएवढी लाल चकती. खाज. बायकोच्या आग्रहाखातर डॉक्टरीणबाईंना दाखवली. दहा सेकंद पाहून नायटा म्हणाल्या. मलम चार आठवडे लावा, टॉवेल वेगळा ठेवा. दहा सेकंदांत निदान! दवाखान्याखालच्या औषधवाल्याशी त्यांचं नातं असणार, नाक अगदी सारखं आहे. विम्याच्या ऑफिसात सतरा वर्षं खोटे क्लेम पकडतोय मी. मलम कपाटात.

४ मार्च
संकल्प: चौकशी स्वतः करायची, ऑफिसच्या पद्धतीने. एकमेकांना न ओळखणारे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतील, तरच मंजूर.

५ मार्च, लंच टाइम
सतरा व्हिडिओ तपासले. चौदा बाद. एकाने मधेच शाम्पू विकला. एकाच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री नव्हती. उरले तीन. तीन चॅनल, तीन पेशंट. चेहरा कोणीच दाखवत नाही, नुसता हात. म्हणजे प्रसिद्धीची हाव नाही. तिघांचंही म्हणणं एकच: लसूण वाटून लावा. मंजूर.

८ मार्च
आग आग होतेय. आग झाली म्हणजे रोग बाहेर पडतोय, असं तिन्ही व्हिडिओंत आहे. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी खुर्ची खिडकीकडे सरकवली. वाऱ्यासाठी म्हणाल्या. मला पटलेलं नाही.

१२ मार्च
चकती डबीच्या झाकणाएवढी. बायको म्हणते, वाढली. मी म्हणालो, जाण्याआधी पसरते. ती डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलताना सापडली. तिच्यावरही नजर ठेवायला हवी.
लेकीची पोहण्याची स्पर्धा तीस तारखेला. आठच वर्षांची, पण पहिल्या तिनात येईल, असं कोच म्हणतात. पोहून आली की माझ्याच टॉवेलने अंग पुसते. तो लकी आहे म्हणे. आता कुठे टॉवेल वेगळा करू? पोरीचं मन मोडायचं?

२४ मार्च
लेकीच्या गालावर बटणाएवढी लाल चकती. तलावाच्या पाण्यात भेसळ. कोचना खरमरीत ईमेल.

२६ मार्च, संध्याकाळी
कोचनी तिला दारातूनच परत पाठवलं. नायटा बरा होईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. स्पर्धाही नाही. ती रडली नाही. बॅग ठेवून माझ्याशेजारी येऊन बसली. फार वाईट वाटलं मला. तिला धीर यावा म्हणून तिन्ही व्हिडिओ दाखवले. शांतपणे पाहून तिने विचारलं, बाबा, हे एकच काका तीनदा का आलेत?
मनगटाजवळ तीळ. तिन्ही हातांवर, त्याच जागी.
एकाच पायाचा एक्सरे दोन क्लेमना जोडणारा माणूस मीच पकडला होता. त्याबद्दल ऑफिसने दिलेलं घड्याळ समोरच्या भिंतीवर आहे.

३० मार्च
स्पर्धा सकाळी झाली म्हणे. आम्ही दोघं दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाईंनी दोघांना मिळून वीस सेकंदांत तपासलं. तेच मलम. टॉवेल कोणाचा वापरते, हे त्यांनी तिला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. खाली औषधवाल्याचं नाक नीट निरखलं. तसं काही सारखं नाही.
घरी येऊन लेकीने बाथरूममध्ये माझ्याकडून वेगळी खुंटी ठोकून घेतली. खुंटीवर तिचा नवा टॉवेल. वर चिठ्ठी, माझ्याच ऑफिसच्या पॅडवरची: बाबांनी हात लावू नये.