गोविंदरावांच्या दुग्धालयातली मोटर

सोम., २० फेब्रुवारी १९५६
गिरगावात गोविंदरावांच्या दुग्धालयात. थंड कपाटाच्या पंख्याची मोटर पुन्हा जळली. जानेवारीनंतर दुसऱ्यांदा. भर गिऱ्हाइकांत म्हणाले, "दत्ताराम, तुझं वाइंडिंगच कच्चं." इतकी वर्षं तांब्याची तार गुंडाळून मोटरी बांधतोय, असं कोणी म्हटलं नव्हतं. मोटर उतरवून निघालो. ऐकून घ्यायला नको होतं.

मंगळ., २१
लालबागला माझ्या गाळ्यात आणून नव्याने बांधली. दुपारपर्यंत बाकावर चालवली, वर हात ठेवून बसलो. कोमट. कच्चं म्हणे!

बुध., २२
बसवली. थोड्या वेळात हात लाववेना इतकी तापली. व्होल्टेज बरोबर. पातं बोटाने फिरतंय, बेअरिंगला तेल आहे. जाळीतली धूळ ब्रशने काढली. तरी तेच. शेवटी बंद केली.
तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या मालतीबाई आल्या. शाळेत शिकवतात. त्यांच्या वडिलांचं इन्शुलिन याच कपाटात असतं. गोविंदराव फुकट ठेवतात, हे कबूल. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, मागे मोटर जळली तेव्हा औषध खराब झालं. अण्णांना उठवत नव्हतं हो." गोविंदरावांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. बाईंसमोर!
औषध ओल्या फडक्यात गुंडाळून बाई माठाजवळ ठेवायला घेऊन गेल्या.

गुरु., २३
जेवताना गोविंदरावांच्या नावाने बोटं मोडत होतो. बायको म्हणाली, "कित्याक रागावतास? मोटर हंय थंड, थंय गरम. मगे खोट थंयच असतली."
खरंच की. खोट तिथे दुकानात, आणि मी मोटरच बघत बसलो होतो.

शुक्र., २४
कपाट पुढे ओढलं. मागची खिडकी फळ्या ठोकून बंद! जानेवारीतल्या दंगलीत ठोकल्या, त्या तशाच. वर त्यांच्यापुढे सोड्याचे क्रेट रचलेले. पंखा गरम हवा फेकणार, तिला वाट नाही, तीच पुन्हा ओढणार. मोटर बिचारी काय करणार?
क्रेट हटवले. फळ्यांना हात घातला तर गोविंदराव आडवे.
"दगड आला तर काच तू भरणार?"
"आपलेच लोक आहेत."
"दगडाला ओळख असते काय रे?"
त्याच फळ्यांवर बाहेरून 'मुंबईसह महाराष्ट्र' रंगवलंय, तेही ह्यांनीच. मुंबई पाहिजे, वारा नको! निघून आलो.

सोम., २७
मालतीबाईंना सगळं सांगितलं. त्या तडक खाली. "गोविंदराव, काच फुटली तर दुसरी मिळेल. अण्णा?" बाईंनी माझ्याकडे हातोडी मागितली. दिली. पहिल्या खिळ्यालाच त्यांचा हात सटकला, बोट सोललं. गोविंदरावांनी हातोडी काढून घेतली. वाटलं, संपलं. पण स्वतःच फळ्या उपटायला लागले.
खिडकी उघडून मोटर चालू केली; संध्याकाळीही तिच्यावर हात ठेवता येत होता. बाई औषध घेऊन आल्या, आत ठेवलं.

शुक्र., २ मार्च
मोटर झकास. गोविंदरावांनी पियूष पुढे केलं. ते नको होतं मला. गिऱ्हाइकांसमोर बोललात, तर गिऱ्हाइकांसमोर परत घ्या ना. पण तेवढं नाही. प्यायलो, तरी राग गेला नाही.
पुन्हा हरताळाची कुजबुज आहे. विचारलं, "फळ्या ठोकणार?"
"मोर्चात तू असतोस. तूच सांग."
काय सांगणार? दगड मारणाऱ्या पोरांचे हात मी धरू शकतो थोडाच? मोर्चाला तर जायचंच आहे. की त्या दिवशी काच राखत खिडकीबाहेर उभं राहावं? बायकोला अजून बोललो नाही.